बाई, तुम्ही तिचा हात हातात घेतलात

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

हे चारचौघांत लिहितेय, कारण समोर आभार मानायला गेलं की तुम्ही 'त्यात काय एवढं' म्हणत चहा टाकायला उठता.

दहावीच्या वर्षात माझ्या लेकीने वृत्त-अलंकारांची धास्ती घेतली होती. क्लासमध्ये विचारलं, तर 'थोड्या मार्कांचं असतं, ऑप्शनला टाक' एवढंच उत्तर. शाळेत तर भर वर्गात 'मराठी घरातली ना तू?' असं ऐकवलं. तेव्हापासून तिने कविता वाचणंच सोडलं. त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

तुम्ही आधी गण, म्हणजे तीन-तीन अक्षरांचे गट, लक्षात ठेवायचं 'यमाताराजभानसलगम्' हे सूत्र घोकायला लावलं नाहीत. वही मिटवलीत आणि तिचा तळहात आपल्या हातात घेतलात. 'मना सज्जना भक्तिपंथेचि जावे' म्हणताना लघु, म्हणजे हलक्या अक्षराला नुसतं बोट टेकवायचं, गुरूला, म्हणजे जड अक्षराला अख्ख्या हाताची थाप द्यायची. लघु, गुरु, गुरु. असं चारदा. 12 अक्षरं, चार य गण, झालं भुजंगप्रयात वृत्त! मग हात तिचा, ओळ तुमची. 'सज्जना'तल्या 'स'ला तिने बोट टेकवलं, ऱ्हस्व म्हणून. तुम्ही चूक काढली नाहीत, फक्त ओळ पुन्हा म्हटलीत. पुढच्या 'ज्ज'चा आघात येऊन तो 'स' जड होतो, हे तिचं तिलाच ऐकू आलं. तिचा चेहरा कसा उजळला, ते मी दारातून पाहिलं. साताऱ्यात राहून, सज्जनगड इतका जवळ असून, हे श्लोक मी लहानपणापासून म्हणत आलेय. पण असे हातावर कुणी दिले नव्हते.

अलंकारही असेच, खिडकीतून. अजिंक्यतारा बसलेल्या हत्तीसारखा दिसतो, ही उपमा. अजिंक्यतारा म्हणजे जणू बसलेला हत्तीच, ही उत्प्रेक्षा.

विद्वान माणसं पुष्कळ भेटतात, बाई. समोरच्या लेकराला ओशाळं न करता शिकवणारी फार थोडी. तुम्ही पैशांचं नावही काढू दिलं नाहीत, पण मला त्याहून मोलाची वाटली ती तुमची थांबण्याची तयारी.

सध्या ती मंदाक्रांता वृत्तात अडकली आहे. 17 अक्षरं, चौथ्या आणि दहाव्या अक्षरानंतर यति, म्हणजे म्हणताना घ्यायचा थांबा. त्यातली दुसरी यति तिच्याकडून दर वेळी निसटते. रविवारी सकाळी पाठवू का तिला?

तुमची ऋणी,
एक आई