एका रात्रीच्या मुक्कामाची बॅग

पुणे,
१४ जून

प्रिय वैशू,

आधी अभिनंदन घे. नाशिकच्या अंबडमधल्या कारखान्यात शॉपफ्लोअरवर इतकी वर्षं रिजेक्शनचे आकडे घासून तू सप्लायर क्वालिटीत, म्हणजे सुटे भाग पुरवणाऱ्यांचं काम तपासायला गेलीस, याचा मला किती आनंद झालाय म्हणून सांगू! तुझ्या सासूबाईंनीही फोन करून ही बातमी मला अशी सांगितली, जणू प्रमोशन त्यांचंच झालंय. आता हैदराबाद, चेन्नई, कधी सानंद, आणि प्रत्येक वेळी एका रात्रीचा मुक्काम. तू तीन बॅगांचे फोटो पाठवून खाली फक्त "यातली कुठली?" एवढंच लिहिलंस. तिन्हींपैकी एकही नाही. का, ते व्हॉट्सअ‍ॅपवर मावणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

दुकानात पाऊल टाकण्याआधी एका संध्याकाळी पलंगावर सामान मांड. जे खरोखर नेणार आहेस तेवढंच. मग स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकेक वस्तू ठेवून वजन लिहून काढ. माझा हिशेब देते, तुझाही याच्या आसपासच येईल. १४ इंची लॅपटॉप दीड किलो, त्याचा चार्जर ३०० ग्रॅम. सेफ्टी शूज सव्वा किलो (हे आपल्या धंद्यातलं खरं दुखणं, त्यावर पुढे लिहिते). दुसऱ्या दिवशीचे आणि रात्रीचे कपडे मिळून एक किलो. साबण, तेल, कंगवा, गोळ्या यांची पिशवी ४०० ग्रॅम. पॉवर बँक २००. स्टीलची रिकामी बाटली ३५०. ऑडिटची फाइल आणि डायरी ४००. झाले पाच किलो चारशे.

देशांतर्गत विमानात इकॉनॉमीला केबिन बॅगेची मर्यादा ७ किलो. म्हणजे खुद्द बॅगेच्या वजनासाठी उरले एक किलो सहाशे. पहिल्या फोटोतली, तुझ्या दिरांनी सुचवलेली ती चार चाकांची कडक ट्रॉली रिकामीच अडीच-पावणेतीन किलो भरते. नाकापेक्षा मोती जड! आता ते म्हणतील, लॅपटॉप वेगळ्या बॅगेत घे, ती चालते. चालते, खरंच चालते. पण मग नग दोन झाले, आणि एकटीने फिरणाऱ्या बाईला दोन नग म्हणजे काय ते स्टेशनवरच्या बाथरूमच्या दारात कळतं. तिथे हुक असलाच तर एकच असतो.

आकाराचाही हिशेब करून बघ. इंडिगोचं केबिन बॅगेचं माप ५५ × ३५ × २५ सेंटीमीटर आहे. गुणाकार कर, ४८ लिटर येतात. जागा ४८ लिटरची आणि मुभा ७ किलोची! आपलं वजन आधी संपतं, जागा उरतेच. तेव्हा 'केबिन साइझ' असं लेबल बघून सगळ्यात ऐसपैस बॅग उचलायची काही गरज नाही. एका रात्रीला २४ ते २८ लिटर भरपूर झाले. त्याहून मोठी घेतलीस तर ती रिकामी जागा आपल्याला बघवत नाही. असू दे, असू दे म्हणत एक शाल जाते, चिवड्याचा पुडा जातो, सप्लायरच्या बायकोला द्यायचं काहीतरी जातं.

दिरांचंही चूक नाही म्हणा. ते मुंबईहून मोठ्या विमानाने जातात. तुझी निम्मी ये-जा नाशिकच्या ओझर विमानतळावरून असणार. छोटं एटीआर विमान लागलं तर डोक्यावरचे कप्पे इतके बुटके असतात की चाकाच्या बॅगा बऱ्याचदा शिडीपाशीच काढून घेतात आणि विमानाच्या पोटात टाकतात. मग रांगेत, मागच्या माणसाच्या नजरेसमोर, आपण बॅग आडवी पाडून लॅपटॉप आणि पॉवर बँक उपसत बसायचं, कारण पॉवर बँक खालच्या सामानात चालत नाही. मऊ, अंगाबरोबरची बॅग असली तर ती निमूट पुढच्या सीटखाली जाते. तरीही पॉवर बँक, केबल आणि रोजच्या गोळ्या एका हाताएवढ्या पाऊचमध्ये अगदी वरच ठेव. पॉवर बँक १०० वॉट-अवरपर्यंत चालते. १०,००० एमएएचवाली साधारण ३७ भरते, २०,००० वाली ७४. आपल्याला लहानच पुरे, मोठी उगाच दुप्पट जड.

आणि चाकं चालतात ती विमानतळाच्या गुळगुळीत फरशीवर. आपण जातो ते श्रीपेरुंबुदूरला किंवा सानंदला, जिथे टॅक्सी मेन गेटवर सोडते आणि तिथून मटेरियल गेट, वे-ब्रिज (ट्रकचा वजनकाटा), खडी, असं करत पाऊण किलोमीटर चालल्यावर रिसेप्शन येतं. खडीवर ट्रॉली ओढून बघ एकदा.

दुसरा फोटो, टॅन रंगाच्या लेदर बॅगेचा. काय देखणी आहे ग! घे ती, जरूर घे, पण नाशिकातल्या ऑफिसला आणि मीटिंगला. साडेसहा किलो एका खांद्यावर टाकून दोन दिवस फिरलीस की तिसऱ्या दिवशी मान वळत नाही, आपली वयं आता ती राहिली नाहीत. शिवाय पावसाळ्यात कपाटात दोन आठवडे राहिली की लेदरवर पांढरी बुरशी धरते. रेक्झिनची त्याहून वाईट, तिची सालपटं निघतात आणि कुर्त्याच्या खांद्याला चिकटतात.

तिसरी ऑनलाइनवाली, "२० कप्पे, यूएसबी पोर्टसह". यूएसबी पोर्ट म्हणजे आतल्या पॉवर बँकेला जोडलेली एक वायर आणि कापडाला पाडलेलं एक भोक, ज्यातून पाणी आत येतं. आणि २० कप्पे म्हणजे घराची किल्ली शोधायला २० ठिकाणं. कापड, चेन, अस्तर यांचं वजन वाढतं ते वेगळंच. मला मोठा पोटकप्पा एक, लॅपटॉपचा वेगळा एक, आणि बाहेर पटकन हात जाईल असा एक, एवढेच लागतात. बाटलीची जाळी बाजूला असली तर बरं.

तो बाहेरचा कप्पा का म्हणते, ते विमानतळावरच्या सिक्युरिटीत कळेल. बायकांची तपासणी पडद्याच्या आत होते, हे तुला माहीतच आहे. तिकडे आपण पडद्याआड हात पसरून उभ्या आणि इकडे आपला ट्रे पट्ट्यावरून पुढे निघून गेलेला. दोन मिनिटं आपलं सामान आपल्या नजरेआड असतं. त्यामुळे ट्रेमध्ये सुटं काही ठेवायचं नाही. रांगेत असतानाच मोबाइल, घड्याळ, आधार कार्ड, गाडीची किल्ली, सगळं त्या बाहेरच्या कप्प्यात घालून चेन ओढायची. ट्रेमध्ये फक्त लॅपटॉप आणि बंद बॅग. आणि ऑफिसने दिलेल्या काळ्या बॅगा सगळ्यांच्या सारख्या असतात, तेव्हा हँडलला एखादी लाल नाडी बांध. कंपनीचं नाव छापलेली बॅग मात्र दौऱ्यावर नको. सप्लायरच्या गावात हॉटेलच्या लॉबीत बसल्या बसल्या सगळ्यांना कळतं की उद्या ऑडिट कुणाचं आहे.

तर मग घ्यायचं काय? पाठीवरची, आयताकृती, २६ लिटरच्या आसपासची, रिकामी सव्वा किलोच्या आत, आणि मागे आडवी पट्टी असलेली. कधी मोठी ट्रॉली न्यावीच लागली तर ही बॅग त्या पट्टीने तिच्या दांड्यावर बसते. पोटकप्पा पुस्तकासारखा पूर्ण उघडणारा हवा, वरून तोंड असलेला नको. पहाटे साडेचारला हॉटेलच्या अर्धवट उजेडात तळातला मोजा काढायला सगळं उपसावं लागतं त्यात.

दुकानात लेबलं वाचत बसू नकोस, हात घालून बघ. लॅपटॉपच्या कप्प्यात हात तळापर्यंत ने. कप्प्याचा तळ बॅगेच्या तळाच्या दोन बोटं वर संपला पाहिजे. तो बॅगेच्या तळालाच शिवलेला असेल तर बॅग जमिनीवर टेकवली की पहिला दणका लॅपटॉपच्या कोपऱ्याला. मग खांद्याच्या पट्ट्या जिथे पाठीला मिळतात तिथली शिलाई बघ. चौकोन आणि त्यात फुली अशी टीप हवी, नुसती एक सरळ टीप असेल तर वर्षभरात उसवते. चेनचा रनर उलटा करून बघ. मागे आकडा कोरलेला असतो, मुख्य चेनला ८ किंवा १० हवा, ५ नंबर बाहेरच्या कप्प्याला ठीक. अस्तर काळं नको. काळ्या अस्तरात काळा चार्जर, काळा माउस आणि काळी पेनं, कुठे शोधणार? राखाडी किंवा नारिंगी अस्तर मिळतं, ते घे.

कापडावर 'डेनियर'चा आकडा असतो. ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनियर, म्हणजे आकडा वाढला की धागा जाड झाला, एवढंच. ६०० चं पॉलिस्टर साध्या बॅगांना असतं आणि आपल्याला पुरतं. १६८० चं बॅलिस्टिक नायलॉन महागड्या बॅगांना. हे कापड मुळात दुसऱ्या महायुद्धात ड्युपाँटने विमानातल्या सैनिकांच्या संरक्षक जाकिटांसाठी काढलं होतं. टिकतं जबरदस्त, पण वजनही तसंच. आपल्याला त्या एक किलो सहाशेमध्ये बसायचंय, त्यामुळे मी मधलं, ८४० चं नायलॉन घेईन. आतला पाणी अडवणारा लेप मात्र दमट हवेत काही वर्षांनी चिकट होऊन सुटतो, चांगल्या बॅगेचाही. म्हणून बॅग कपाटात कोंबून ठेवायची नाही, बाहेर खुंटीला टांगायची. पावसाचं कव्हर सोबत मिळालं तर घे, नाही तर एक मोठी प्लास्टिकची पिशवी आत अस्तरासारखी. मी तेच करते.

आता शूज. तू म्हणशील, प्लँटवाले व्हिजिटरला शूज देतात. देतात, आठ-नऊ नंबरचे, पुरुषांचे. चार-पाच नंबर मागितलास की स्टोअरवाला आपल्याकडे असा बघतो जणू चांदीचे मागितले. तेव्हा स्वतःचेच न्यावे लागतात, आणि तेच सगळ्यात जास्त जागा आणि वजन खातात. माझा उपाय असा, की शूज बॅगेत नाहीतच, ते पायात. बोटांवर लोखंडी टोपी असलेले घालून गेलं तर सिक्युरिटीच्या चौकटीत टिंगटिंग वाजतं आणि मग स्टुलावर बसून बूट काढा, ट्रेमध्ये घाला. म्हणून फायबरच्या टोपीचे घे, कंपोझिट टो म्हणतात ते. हलके असतात आणि त्यांच्या टोपीत धातू नसतो. आयएस १५२९८ (सेफ्टी शूजचं भारतीय मानक) चा शिक्का आणि २०० जूलचा आघात झेलणारी टोपी आहे ना, एवढं बघून घे, म्हणजे सहसा गेटवर कुणी अडवणार नाही. दिसायला ट्रेकिंगच्या बुटांसारखे असतात. बॅगेत मग फक्त चपला, दोनशे ग्रॅमच्या. वरच्या हिशेबातला एक किलो असा सुटतो. तळाशी 'शू कंपार्टमेंट' असलेल्या बॅगांच्या नादी लागू नकोस. तो कप्पा वापरला नाही तरी जागा अडवून बसतो.

रेल्वेचा प्रवास असेल तर सहज कापता येणार नाही अशी दणकट कडी किंवा हँडल हवं, साखळी ओवायला. बाकी गाडीत आणि एसटीच्या शिवाई बसमध्ये काही विशेष विचार करावा लागत नाही, बॅग मांडीवर मावली की झालं. टूलकिटमधला टेस्टर, पाना, कटर मात्र विमानाच्या दिवशी घरीच ठेव, केबिनमध्ये ते नेऊ देत नाहीत आणि आपला चांगला पाना त्यांच्या डब्यात जातो. गेज, म्हणजे मापं तपासायची साधनं लागणार असतील तर सप्लायरकडे असतातच, फक्त त्यांच्या कॅलिब्रेशनची (अचूकता तपासल्याची) तारीख आधी मागवून घे.

किमतीचं म्हणशील तर तीन-साडेतीन हजारांत ठीक वस्तू मिळते, त्यावर गेलीस तर बरेचसे पैसे नावाचे. तू तर बॅगांच्याच गावात राहतेस. व्हीआयपीचे कारखाने तिथे, गोंद्याला सॅमसोनाइटचा, पाहुणे नाशिकहून द्राक्षं नेतात आणि बॅगा मुंबईहून आणतात! शालिमारला किंवा मेन रोडला एखाद्या शनिवारी जा. जाताना तुझा स्वतःचा लॅपटॉप आणि पलंगावर मांडलेलं ते सगळं सामान एका पिशवीत घालून ने, आणि दुकानातच भरून, पाठीवर टाकून, चार पावलं चाल. दुकानदार कुरकुरेल, कुरकुरू दे. मग भरलेली बॅग दोन्ही हातांनी डोक्याच्या वर उचल. ती तुझी तुला वर ठेवता आली नाही तर घेऊ नकोस, दर वेळी कुणी दादा मदतीला असेलच असं नाही. बिल जपून ठेव. चेन बिघडली तर आधी वॉरंटी, आणि ती संपली असेल तर शालिमारचाच चेनवाला. नवा रनर टाकायला त्याला दहा मिनिटं लागतात.

पहिला दौरा चेन्नईचाच ठरला तर तारीख कळव. माझंही तिकडे ऑगस्टमध्ये एक ऑडिट अडकलंय, जमलं तर एकच आठवडा धरू. आणि हो, चिनूच्या दहावीच्या क्लासची फी त्यांनी परत केली का, ते लिहायला विसरू नकोस. नितीन नमस्कार सांगतोय, सासूबाईंना माझाही सांग.

तुझी,
अनू