ऑक्टोबरातली पानगळ थांबवा : महिला व बालविकास मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री,
महिला व बालविकास विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय : अंगणवाड्यांतले आश्विन-कार्तिकाचे उपक्रम जिल्ह्यानुसार ठरवण्याबाबत

सविनय नमस्कार.

ऑक्टोबर उजाडला की बालवर्गांच्या भिंतींवर लाल-नारिंगी पानं चढायला लागतात. पाच टोकांची मेपलची पानं, खाली मोठा नारिंगी भोपळा, एखादी परदेशी खार. चित्रं इंटरनेटवरून उतरवलेली असतात, मुलं त्यात रंग भरतात आणि वहीत ‘झाडाची पानं गळतात’ असं वाक्य येतं. त्या दिवशी खिडकीबाहेरचा साग हिरवागार असतो. आपल्याकडे साग, पळस, पिंपळ यांची पानगळ माघ-फाल्गुनाच्या सुमाराला होते. शरदात गवताला तुरे येतात, भाताच्या लोंब्या वाकतात, शेंगा वाळायला लागतात. चार वर्षांचं मूल हे बघतं, कागदावरचंही बघतं, आणि डोळ्यांना दिसतं त्यापेक्षा कागद खरा मानायचा असतो एवढंच त्यातून शिकतं.

हे लोण खासगी नर्सरींतून आलं. त्यांच्या नियमनाचा प्रश्न वेगळा आहे. अंगणवाड्या मात्र आपल्या विभागाच्या आहेत आणि सेविकांच्या मोबाइलवरही आता हीच चित्रं फिरतात. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बालशिक्षणाचं जे काम केलं, त्यात शाळा मुलांच्या अंगणात आणि गुरं चरतात त्या कुरणात भरत होती. जवळची पानं, बिया, माती हीच साधनं होती. केंद्राच्या २०२२ च्या पायाभूत स्तराच्या (तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठीच्या) आराखड्यातही परिसरातल्या वस्तूंनी शिकवण्यावर भर आहे. म्हणजे धोरणात खोट नाही. खोट आहे ती सप्टेंबरअखेरीस सेविकेच्या हाती नेमकं काय पडतं, त्यात. ते काय असावं हे सांगण्यासाठी हे पत्र.

आधी वेळेचं बोलू. पाऊस ओसरला की ऊन चटका देतं, त्यामुळे मुलांना बाहेर न्यायचं ते सकाळच्या पहिल्या तासात. साडेदहानंतर मुलं कोमेजतात आणि बाहेर गेलेल्या वर्गाचा नुसता गोंधळ होतो. फेरी वीस मिनिटांची पुरते. एका फेरीला एकच काम द्यावं : आज फक्त पिवळं शोधायचं, उद्या फक्त खरखरीत. ‘निसर्ग बघा’ असं सांगितलं तर तीन वर्षांचं मूल पायाखालचे दगड उचलत बसतं, आणि त्याचं काही चुकत नाही.

आता रुजवण. नवरात्रात घरोघरी धान्य पेरलं जातं, वर्गात तेच निरीक्षणासाठी पेरता येतं. प्रत्येक मुलाला नारळाची एक करवंटी, तळाला खिळ्याने पाडलेलं भोक, दोन मुठी माती आणि रात्रभर भिजवलेले दहा-बारा गहू. वर नखभर जाडीचा मातीचा थर. रोज सकाळी दोन चमचे पाणी, त्याहून थेंबही जास्त नाही. हा उपक्रम फसतो तो बहुतेक पाण्याने. मुलांना पाणी घालायला आवडतं, दिवसातून चारदा घातलं जातं, भोक नसेल तर गहू कुजतात आणि पांढरी बुरशी धरते. म्हणून चमचा एकच ठेवावा आणि पाळी लावावी. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोंब वर येतो. तिथून पुढे रोज रोपाशेजारी कागदाची पट्टी उभी धरायची, रोपाएवढी कापायची आणि तक्त्यावर एकाच रेषेवरून शेजारी शेजारी चिकटवायची. आठवड्याभरात पायऱ्या चढत गेलेल्या दिसतात. आकडा न लिहिता मुलांनी आलेख काढलेला असतो. पट्ट्यांची खालची कड एका रेषेत नसेल तर सगळं फुकट, तेव्हा तक्त्यावर ती रेघ सेविकेने आधीच ओढून ठेवावी.

दोन करवंट्या टोपलीखाली झाकून ठेवाव्यात. अंधारातली रोपं उजेडातल्यांपेक्षा उंच होतात, पण पिवळी आणि लुळी. मुलांचा अंदाज हमखास उलटा असतो. त्यावर लगेच खुलासा करू नये. दोन दिवस वाद होऊ द्यावा, मग झाकलेली करवंटी उन्हात ठेवून काय होतं ते बघावं.

दसऱ्याच्या आठवड्यात आपट्याचं पान हातात येतं. मधोमध घडी घातली की दोन्ही बाजू जुळतात, सममितीचा याहून सोपा धडा नाही. पानाचा ठसा घेताना शिरा उठून दिसतात ती खालची बाजू वर ठेवायची, वर पातळ कागद, आणि मेणाचा खडू कागदी वेष्टण काढून आडवा घासायचा. खडू उभा धरला की कागद फाटतो, चित्रकलेचा जाड कागद घेतला की शिरा उमटतच नाहीत. लहान मुलांना एका हाताने कागद दाबून दुसऱ्याने घासणं जमत नाही, त्यांचा कागद कडांना खळ लावून पाटीवर बसवून द्यावा. बाजारात आपटा म्हणून कांचनाची पानंही विकली जातात. कांचनाचं पान मोठं आणि पातळ, आपट्याचं लहान, चिवट आणि लांबीपेक्षा रुंदीला जास्त. दोन्ही शेजारी ठेवून हाताने चाचपायला दिली तर फरक मुलंच सांगतात. आमची एक आग्रहाची विनंती : ‘घरून आपट्याची पानं आणा’ असा निरोप कोणत्याही केंद्राने देऊ नये. तीस मुलांच्या घरी निरोप गेला की तीस फांद्या तुटतात. सेविकेने आणलेली एक डहाळी सगळ्या वर्गाला पुरते.

झेंडूचं तोरण सगळीकडे होतं, पण बहुतेक ठिकाणी ते सेविका ओवते आणि मुलं टाळ्या वाजवतात. तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी फुलांना दाभणाने आधी भोकं पाडून ठेवावीत आणि बुटाची जुनी नाडी द्यावी. तिचं टोक कडक असतं, सुई लागत नाही. पाच वर्षांच्या मुलाला बोथट, मोठ्या नेढ्याची सुई चालते. क्रमाची सुरुवात एक नारिंगी-एक पिवळं अशी व्हावी, ते सहज येऊ लागलं की दोन नारिंगी-एक पिवळं. दसऱ्यानंतर हारातली फुलं वाळवून बी पेरण्याचा उपक्रम पुस्तिकांत असतो आणि तो बहुतेकदा फसतो, कारण हारासाठी फूल ताजं तोडलेलं असतं आणि त्यातलं बी कच्चं असतं. बी हवं तर गावठी झेंडूची दोन फुलं झाडावरच तपकिरी होऊ द्यावीत. काळी, सुईसारखी, एका टोकाला फिकट झुपका असलेली बी अर्धा सेंटिमीटर खोल पेरली की आठवड्यात उगवते.

उरलेल्या उपक्रमांपैकी दोन थोडक्यात. जून ते सप्टेंबर आभाळ भरलेलं असतं, त्यामुळे सावलीचा खेळ ऑक्टोबरातच खरा जमतो. एकाच मुलाला एकाच जागी नऊ वाजता आणि साडेअकराला उभं करून सावली खडूने आखायची. सकाळची मुलापेक्षा लांब भरते, दुपारकडची निम्म्याच्या आसपास येते. पावलांची जागा आखली नाही तर तुलनाच उरत नाही. दुसरा मोज्याचा. मोठ्या माणसाचा जुना मोजा मुलाच्या चपलेवरून चढवायचा आणि पायवाटेच्या कडेने दहा मिनिटं चालायचं. आघाडा, कुसळी आणि आणखी कायकाय चिकटून येतं. मोजा उलगडून मातीत पसरला तर त्यातलं थोडंच उगवतं. तेवढं पुरे.

भोंडला किंवा हादगा पश्चिम महाराष्ट्रात, भुलाबाई विदर्भ-खानदेशात. फेर, वाढत जाणारी गाणी आणि खिरापत ओळखणं यांत भाषेचं मोठं काम होतं. मुलगेही फेरात हवेत. तीन वर्षांच्या मुलांचा फेर आठ-दहा जणांचाच ठेवावा, मोठ्या फेरात ती ओढली जातात आणि पडतात. खिरापत ओळखताना बंद डबा आधी हलवून आवाज ऐकवावा, मग वास, मग ‘गोड की तिखट’, ‘घरचं की शेतातलं’. थेट नाव विचारलं की दोन धीट मुलं ओरडतात आणि खेळ संपतो. या दिवसांत ओल्या शेंगा असतात. त्या उकडून देताना लहानांना दाणा ठेचूनच द्यावा, अख्खा दाणा श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो.

इथे सुरक्षिततेबद्दल सविस्तर लिहितो, कारण उपक्रम-पुस्तिकांत ‘बिया गोळा करा’ एवढंच छापलेलं असतं. पावसाळ्यानंतरच्या या महिन्यांत बांधांवर आणि कुंपणांवर एरंडाची बोंडं, गुंजेच्या लाल-काळ्या बिया, धोतऱ्याची काटेरी फळं आणि पिवळ्या कण्हेरीची फळं मिळतात. चारही विषारी. गुंजेची बी मुलांना सगळ्यात आवडते, चावली गेली तर ती जीवघेणी ठरू शकते. खाजकुइलीच्या शेंगेची लव अंगाला लागली की मूल तासन् तास खाजवतं. गाजरगवत फुललेलं असतं, त्याने काहींची कातडी आणि दम दोन्ही बिघडतात. उंच गवतात साप-विंचू असतात. म्हणून फेरीची वाट सेविकेने आदल्या दिवशी चालून बघावी, हा नियम लेखी हवा. वर्गात मोजायला दिलेले मूग, वाटाणे, चिंचोके नाकात-कानात जातात. चार वर्षांखालच्या मुलांना सव्वा इंचापेक्षा लहान वस्तू मोजायला देऊच नयेत. कानात कडधान्य गेलं तर पाणी घालू नये, दाणा फुगून आणखी घट्ट बसतो. चिमट्याने काढायच्या भानगडीत न पडता आरोग्य केंद्रात न्यावं.

यावरून आमचं मुख्य मागणं लक्षात येईल. हे महिने सगळ्या राज्यात सारखे नसतात. कोकणात हळवं भात दसऱ्याच्या आसपास कापायला येतं, भंडारा-गोंदियातही धानाचा हंगाम असतो, मराठवाड्यात सोयाबीन निघतं, वऱ्हाडात कापसाची पहिली वेचणी, सोलापूरकडे रब्बी ज्वारीची पेरणी. भाताची लोंबी हातात असेल तर मूल नखाने साळ सोलून तांदूळ काढतं, पाच दाण्यांत बोटांना भरपूर व्यायाम होतो. सोलापुरात तेच करायला लावलं तर लोंबी विकत आणावी लागेल. केंद्राच्या ‘आधारशिला’ या ४८ आठवड्यांच्या अभ्यासक्रमाला धक्का न लावता त्यातले आश्विन-कार्तिकातले सहा आठवडे जिल्ह्याने भरावेत. ते काम पर्यवेक्षिका आणि सेविकांनी तालुक्याच्या बैठकीत करावं आणि त्याचं दोन पानी पत्रक निघावं : एका पानावर उपक्रम, दुसऱ्यावर त्या भागातल्या विषारी वनस्पतींची रंगीत छायाचित्रं. मेपलची पानं त्यात नकोत, हे एक वाक्य आदेशात स्पष्ट असावं.

पैशाचं म्हणाल तर लागतं थोडं, पण ते हातात लागतं. करवंटी, माती, नाडी फुकट. गहू, मेणाचे खडू, पातळ कागद आणि खळ यांसाठी महिना दोनशे रुपये केंद्राला थेट मिळाले तर पुरतात. वर्षातून एकदा येणाऱ्या प्लॅस्टिकच्या फळांच्या संचातून ही गरज भागत नाही. आणि या सहा आठवड्यांत तरी प्रत्येक उपक्रमाचा फोटो मागू नये. सप्टेंबरमधल्या ‘पोषण माह’ या सरकारी मोहिमेत सेविका फोटो आणि नोंदी भरून थकलेली असते. ज्या उपक्रमाचा फोटो पाठवायचा असतो तो पूर्ण होतो, पण मुलांच्या हातून होत नाही. त्याऐवजी पर्यवेक्षिकेने भेटीत पट्ट्यांचा तक्ता बघावा. वेडावाकडा असेल तर तो मुलांनी केलेला आहे.

बीड आणि आसपासच्या तालुक्यांतून याच दिवसांत ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि मुलंही सोबत जातात. करवंटीतला गहू अर्धवट राहतो. त्या मुलांसाठी पानांचे ठसे आणि पट्ट्या चिकटवलेली चार घड्यांची पुस्तिका सोबत द्यावी, म्हणजे कारखान्यावरच्या केंद्रातल्या ताईंना मूल कुठवर आलं ते कळेल. मात्र त्यासाठी ते केंद्र गाळप सुरू होतं त्याच आठवड्यात उघडायला हवं. विभागाकडे स्थलांतराच्या नोंदी असतात, त्यावरून पडाव कुठे पडणार याचा अंदाज आधी बांधता येतो.

परिपत्रक काढणार असाल तर ते ऑगस्टअखेर सेविकांपर्यंत पोहोचायला हवं. सप्टेंबरात बैठक, घटस्थापनेच्या आधी गहू आणि करवंट्या तयार. ऑक्टोबरात निघालेलं परिपत्रक दिवाळीच्या सुट्टीत हाती पडतं आणि पुढच्या वर्षी सापडत नाही.

आपले नम्र,
बालशिक्षणात काम करणाऱ्या काही सेविका, शिक्षिका आणि पर्यवेक्षिका