बिनविरोध झाली, पण आमचे मत राहिले

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमदाराचे निधन झाले की ‘पोटनिवडणूक बिनविरोध करा, हीच खरी श्रद्धांजली’ असे आवाहन लगेच सुरू होते. त्यामागची भावना मला कळते. पण पलूस-कडेगावचा मतदार म्हणून मी हे अनुभवले आहे, म्हणून लिहितो.

९ मार्च २०१८ ला आमचे आमदार पतंगराव कदम गेले. २८ मे ला मतदान ठरले होते. त्याआधीच समोरचे अर्ज मागे घेतले गेले आणि त्यांचे पुत्र विश्वजित कदम आमदार झाले. माझे मत त्यांनाच जाणार होते. साहेबांच्या आठवणीसाठी घरातल्या सगळ्यांनी मिळून केंद्रावर जायचे, असे ठरलेही होते. पुतणीचे नाव यादीत पहिल्यांदाच लागले होते, ती पुण्याहून येणार होती. तिला फोन करून सांगावे लागले, ‘येऊ नकोस, मतदानच नाही.’

शेजारच्या तासगाव-कवठेमहांकाळमध्ये २०१५ साली आमदार आर. आर. पाटील म्हणजे आबांच्या पश्चात वेगळे घडले. मोठ्या पक्षांनी उमेदवार दिला नाही, पण अपक्ष रिंगणात होते म्हणून मतदान झाले. त्यांच्या पत्नी सुमनताई लाखाहून अधिक मतांनी निवडून आल्या. आबांवरची माया त्या आकड्यात कायमची नोंदली गेली. आमची माया कुठे नोंदली गेली?

आणि ज्यांचे मत वेगळे होते त्यांचे काय? २०१९ च्या विधानसभा निवडणुकीत आमच्याच मतदारसंघात ‘नोटा’ला (म्हणजे ‘वरीलपैकी कोणीही नाही’ या पर्यायाला) २०,६३१ मते पडली, म्हणजे दुसरा क्रमांक! मुंबईतल्या अंधेरी पूर्वच्या २०२२ च्या पोटनिवडणुकीतही मुख्य प्रतिस्पर्ध्याने माघार घेतली आणि ‘नोटा’ १२,८०६ मतांसह दुसऱ्या स्थानी राहिला. ही माणसे कामधंदा सोडून रांगेत उभी राहिली होती.

लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ५३ नुसार एकच उमेदवार उरला की मतदान होत नाही. २०१३ पासून यंत्रावर ‘नोटा’चे बटण आहे, पण बिनविरोध निवडणुकीत ते दाबायची संधीच मिळत नाही. मतदान टळल्याने सरकारचा खर्च वाचतो, असे सांगतात. वाचत असेलही, मात्र तो आमच्या मताच्या बदल्यात वाचतो, हे कुणी सांगत नाही.

एकच उमेदवार असला तरी ‘नोटा’सह मतदान घ्यावे, अशी दुरुस्ती कलम ५३ मध्ये व्हावी. आमच्या जिल्ह्याच्या खासदारांनी ती संसदेत मांडावी, ही विनंती.

– एक मतदार, कडेगाव (जि. सांगली)