आई, खिडकीचं काय घेऊन बसलीस

आई, बाबा,
शि.सा.न.

परवा फोनवर धड बोलताच आलं नाही म्हणून टाइप करतेय, बाबा, तुम्ही आईला वाचून दाखवा. तब्येत उत्तम, डाळतांदूळ मिळतो, खोली अजिबात गार नाहीये. व्हिडिओ कॉलवर खिडकी सताड उघडी बघून तू वाईवरून ओरडलीस, पण ती मी नाही, घरमालकीणबाईंनी उघडली होती. इथे ऑस्ट्रियात, इन्सब्रुकमध्ये बाहेर उणे पाच असो की उणे दहा, सकाळी पाच-दहा मिनिटं सगळ्या खिडक्या उघडायच्या म्हणजे उघडायच्याच. श्वासाची, स्वयंपाकाची ओल भिंतीत बसते आणि बुरशी धरते म्हणे. बरं, नुसती फट ठेवून चालत नाही, त्याने हवा बदलत नाही आणि भिंती मात्र गारठतात, म्हणून धाडकन उघडायची आणि धाडकन लावायची. त्यात जुन्या घराच्या खिडक्या दुहेरी, एकीमागे दुसरी, मध्ये वीतभर जागा, तिथे बाई वारा अडवायला लांबट उशी ठेवतात. मी महिनाभर समजत होते ती मांजराची.

बाबांनी घराबद्दल विचारलेलं. अरुंद आणि आत खोलच खोल, आपल्या वाड्यासारखंच, फक्त चौकाच्या जागी उजेडाला एक उभं भगदाड. गल्लीच्या तोंडाशी सम्राट माक्सिमिलियनच्या सज्जावरचं सोनेरी छप्पर आहे, 1500 सालचं, तांब्याची 2657 कौलं सोन्याने मढवलेली. सगळे त्याचाच फोटो काढतात, मी मात्र समोरच्या कोपऱ्यावरचं हेल्बलिंगहाउस बघत बसते. मूळचं साधं गॉथिक, म्हणजे मध्ययुगीन धाटणीचं घर, 1730च्या सुमारास आन्टोन गिगल नावाच्या कारागिराने दर्शनी भिंतीवर गिलाव्याची वेलबुट्टी काढली, फुलं, शिंपले, गुबगुबीत पोरं, थेट वाढदिवसाच्या केकवरचं क्रीम. नाव मात्र पुढे 1800 नंतर तिथे कॉफीहाउस चालवणाऱ्या मालकाचं! कारागिराचं नाव घराला कुठेच देत नाहीत वाटतं.

आणि बाबा, इथे 1670 आणि 1689ला भूकंप झाले, त्यानंतर घरांना खालून जाड तिरके दगडी टेकू बांधले, ते अजून उभे आहेत. येताजाता मला माडीच्या मागच्या भिंतीचा वासा दिसतो, कोयनेच्या भूकंपानंतर आजोबांनी लावलेला. तुम्ही म्हणता भिंत उतरवायची. उतरवा, मी इथे बसून काय सांगणार, पण वासा भंगारात देऊ नका.

शाकारणीचे चाळीस हजार टाकलेत, पोचले का बघा. काकांचा हिस्सा मागायला जाऊ नका, उगाच वाद नको.

साताऱ्याच्या स्थळाला मी नाही म्हटलेलं नाही. मुलगा इकडे यायला तयार आहे का एवढंच विचारलं, त्यावर आईने दोन दिवस फोन न उचलण्यासारखं काय होतं?

बरं, मे महिन्याचं जमत नाहीये. काँट्रॅक्ट वाढलंय, ही चांगलीच बातमी आहे, पण मध्येच रजा मागता येणार नाही, म्हणजे सुमीच्या लग्नाला मी नाही. गणपतीला नक्की बघते. तिच्या आहेराचे पंधरा हजार वेगळे पाठवलेत, शाकारणीत घालू नका. आणि आजीला इतक्यात बोलू नका, रविवारी फोनवर मीच सांगेन.

तुमची,
मनू