मागे राहिलेल्या मुलांविषयी मित्रास पत्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या पाचवीच्या वर्गातल्या कितीतरी मुलांना दुसरीचा उताराही वाचता येत नाही आणि तरी अभ्यासक्रम वेळेत संपवण्याचा तगादा मागे आहे, हे वाचून मी अस्वस्थ झालो. सरकारी शाळेत ज्यांच्यासाठी दुसरा आधारच नाही, अशी ही मुले आहेत. माझे म्हणणे एकच आहे: मूल कोणत्या इयत्तेत बसते हे रोज निदान तासभर बाजूला ठेव आणि त्याला जिथपर्यंत येते तिथून पुढे शिकव.

ते कुठपर्यंत आले आहे हे लेखी परीक्षेतून फारसे कळत नाही. एकेकाला जवळ बसवून ऐकावे लागते. धडा पाठ असलेले मूल पहिल्या ओळीपासून घडाघडा म्हणते, पण मधल्याच एखाद्या जोडाक्षरावर बोट ठेवले की अडते. ५२ मधून ३८ वजा करून २६ लिहिणाऱ्या मुलाचे उत्तरही नुसती फुली मारून सोडू नकोस. त्याने पाचातून तीन आणि आठातून दोन वजा केले आहेत, म्हणजे मोठ्या अंकातून लहान अंक काढायचा हा नियम तो मनापासून पाळतो आहे. दहा-दहा काड्यांचे गठ्ठे देऊन त्यातला एक त्याला स्वतःच्या हाताने सोडू दे. दशक मोडणे म्हणजे काय, हे फळ्यावरच्या दहा उदाहरणांपेक्षा त्यातून लवकर उमगते.

हा केवळ माझा विश्वास नाही. मुंबई आणि वडोदरा येथील महापालिका शाळांमध्ये मागे पडलेल्या मुलांना रोज सुमारे दोन तास वेगळे बसवून वस्तीतल्याच तरुणींनी मूलभूत वाचन-गणित शिकवले, आणि सर्वांत मागे असलेल्यांनाच त्याचा सर्वाधिक लाभ झाल्याचे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. त्या अभ्यासातले अभिजित बॅनर्जी आणि एस्थर दुफ्लो यांना २०१९ मध्ये मायकल क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. क्रेमर यांच्या केनियातल्या अभ्यासात नुसती जादा पाठ्यपुस्तके वाटल्याचा फायदा मुख्यतः आधीच हुशार असलेल्या मुलांना झाला होता. जे वाचताच येत नाही, ते हाती देऊन काय होणार?

वेगळे बसवल्याने ‘ढ’ असा शिक्का बसेल, ही तुझी भीती मला पूर्ण पटते. म्हणून गट कायमचे ठेवू नकोस. दर काही आठवड्यांनी पुन्हा वाचून घे आणि मुले पुढच्या गटात सरकवत राहा. सगळी शाळा त्याच तासाला गटांत विभागली, तर कुणी एकटे उठून जाताना दिसणार नाही. तरीही जे मूल हलत नाही, त्याचे डोळे आणि कान आधी तपासून घे.

मुख्याध्यापकांकडून हा तास मिळवण्यासाठी मुलांच्या वाचनाच्या नोंदीच त्यांच्यापुढे ठेव. त्या नोंदी मलाही पाठव, आपण मिळून गट पाडू.

तुझा स्नेही