सावळी

प्रिय सुहास,

उत्तराला उशीर झाला, कारण आठवडाभर एकाच शब्दापाशी अडलो आहे. सूनबाईने विचारलं, "बाबा, तुमची आई दिसायला कशी होती?" तिची भाषा इटालियन, मराठी जेमतेम. म्हणून चार पानं इटालियनमध्ये लिहायला बसलो आणि "आई सावळी होती" या पहिल्याच वाक्याशी थांबलो.

'स्कूरा' लिहावं तर ते नुसतं गडद. 'ब्रूना' म्हटलं की तिकडे आधी काळ्या केसांची बाई डोळ्यांपुढे येते. 'ओलिवास्त्रा', म्हणजे ऑलिव्हच्या छटेची, हा शब्द वर्णनात सर्रास येतो. पण त्यातलं 'आस्त्रा' हे शेपूट मला खुपतं. 'जाल्लास्त्रो' म्हणजे पिवळट, 'वेर्दास्त्रो' म्हणजे हिरवट. आपल्या 'ट'सारखंच ते रंगाला उणेपणा आणतं. 'आम्ब्राता'त मधाळ झाक आहे खरी, पण आपला विठोबा सावळा, पावसाळी ढग सावळे, ती माया तिथे कुठून आणू? आणि मायाच तेवढी सांगितली तर तेही खोटं. "सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस" यातला तो 'पण' आईने जन्मभर ऐकला. तोही त्या शब्दातच आहे.

नितळ कांतीचंही तसंच. 'लीशा' म्हणजे गुळगुळीत, हाताला कळणारं. नितळ हे पाण्यासारखं, डोळ्यांना दिसणारं. कातडी, त्वचा, चामडं यांना मात्र त्यांचा एकच 'पेल्ले' पुरतो. चपलेलाही तोच, गालालाही तोच. जिवाभावाच्या दोस्तांना ते 'आमीची पेर ला पेल्ले' म्हणतात. ते वाचलं तेव्हा तुझीच आठवण आली.

एका ठिकाणी मात्र इटालियनने मला भरभरून दिलं. आईच्या मनगटावरचं लासं आठवतं ना? त्याला तिकडे 'वोल्या' म्हणतात. वोल्या म्हणजे इच्छा, आणि गरोदर बाईचे डोहाळेही! पुरे न झालेले डोहाळे बाळाच्या अंगावर उमटतात, अशी जुनी समजूत त्यामागे आहे. आजीला काय खावंसं वाटलं असेल, या विचारात मी कितीतरी वेळ बसून होतो. आपल्या 'लासं' या शब्दाने मला कधी असं आजीपर्यंत नेलं नव्हतं.

तिळाने पुन्हा निराशा केली. त्यांच्या 'नेओ'त दाणा नाही. दाणा आहे तो चेहऱ्यावरच्या बारीक ठिपक्यांत: 'लेंतिज्जिनी', त्याचं मूळ मसुरात. आपण तीळ पाहिला, त्यांनी मसूर. पण आईच्या गालावर होता तो तीळच, म्हणून मी 'तिळाएवढा नेओ' असं लिहिलं.

'सावळी' मी तशीच ठेवली आहे. पुढे विठोबा, ढग आणि तो 'पण', तिन्ही समजावून सांगितले. पान लांबलं, लांबू दे.

तू तिच्या हातचं किती वेळा जेवलास. तो तीळ उजव्या गालावर होता की डाव्या? माझ्याकडच्या एकुलत्या फोटोत नेमकी सावली आली आहे. आठवून कळव.

तुझा,
विनायक