खरजेचे औषध एका पोराला नव्हे, सगळ्या टोळीला द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड-धाराशिवकडून आणि आपल्याच जत भागातून ऊसतोड टोळ्या वाळवा, पलूस, कडेगावच्या फडांत उतरतात. त्यांच्या उचलीचा, मजुरीचा आणि पोरांच्या शाळेचा प्रश्न वर्तमानपत्रांतून येत असतो; मात्र तळावरच्या कितीतरी कोप्यांना, म्हणजे मजुरांच्या झोपड्यांना, रात्रभर जागवणाऱ्या खरजेबद्दल फारसे कुणी लिहीत नाही. याच भागात आरोग्यसेविका म्हणून नोकरी केल्यामुळे मला हे लिहिणे आवश्यक वाटते.

खरूज अंगातल्या उष्णतेने किंवा आंघोळ न केल्याने होते, ही समजूत अजून घट्ट आहे. प्रत्यक्षात सारकॉप्टिस नावाच्या सूक्ष्म किड्याची मादी त्वचेच्या वरच्या थरात बोगदा करून तिथे अंडी घालते. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेभोवती पुरळ उठते आणि रात्री खाज असह्य होते. पहिल्यांदाच लागण झालेल्या माणसाला चार ते सहा आठवडे काही जाणवतसुद्धा नाही, आणि तोवर एका गोधडीत झोपणाऱ्या सगळ्यांच्या अंगावर किडा पोचलेला असतो.

आपले उपचार चुकतात ते इथेच. आई खाजवणाऱ्या पोराला घेऊन येते, तिच्या हातावर परमेथ्रिन या किडा मारणाऱ्या मलमाची 30 ग्रॅमची एक ट्यूब ठेवली जाते आणि नोंदवहीत उपचार झाल्याची नोंद होते. वास्तविक मानेपासून तळपायापर्यंत लावायचे म्हटले, तर एवढे मलम एका मोठ्या माणसालाच लागते. पाच माणसांच्या कोपीत ती ट्यूब फक्त पोराच्या पुळ्यांवर थोडी थोडी लावली जाते आणि थोड्याच दिवसांत बापाकडून किंवा धाकट्या बहिणीकडून खरूज त्याच्याकडे परत येते. शिवाय किडे मेल्यावरही दोन ते चार आठवडे खाज राहू शकते, हे कुणी सांगत नाही. मग औषध लागू पडले नाही असे वाटून मजूर मेडिकलमधून स्टिरॉइड मिसळलेले मलम आणतात. त्याने खाज दबते, पण किडा जिवंत राहतो, आणि गजकर्ण असेल तर ते आणखी पसरते. 2018 साली स्टिरॉइडयुक्त मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास बंदी झाली, तरी ती आजही सहज मिळतात, हे संतापजनक आहे.

खाजेने कुणी मरत नाही, असे म्हणणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की खाजवून झालेल्या जखमांत स्ट्रेप्टोकोकस जंतू शिरले, तर लहान मुलांच्या मूत्रपिंडाला सूज येऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मध्ये खरजेला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत घेतले ते उगीच नव्हे. फिजी बेटांवर एका भागातील सर्वांना, खाज असो वा नसो, आयव्हरमेक्टिन या किडा मारणाऱ्या औषधाच्या गोळ्या दिल्या, तेव्हा खरजेचे प्रमाण वर्षभरात 32 टक्क्यांवरून 2 टक्क्यांच्या आत आले.

आपल्याकडे तर टोळी मुकादमाच्या यादीत नावानिशी नोंदलेली असते. गळीत हंगामाच्या पहिल्याच पंधरवड्यात साखर कारखान्याचा शेती विभाग आणि प्राथमिक आरोग्य केंद्र यांनी मिळून एकाच संध्याकाळी सगळ्या तळाला याच गोळ्या द्याव्यात. गरोदर बायका आणि 15 किलोपेक्षा कमी वजनाची मुले यांना गोळी न देता डॉक्टरांच्या सल्ल्याने मलम पुरेसे द्यावे. अंथरूण-कपडे गरम पाण्याने धुणे तळावर जमतेच असे नाही; ते प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधून तीन दिवस ठेवले तरी चालते. कातडी तपासायचीच आहे, तर बधिर, फिकट चट्टेही पाहावेत, कारण कुष्ठरोगाची औषधे सरकार मोफत देते आणि वेळेवर सुरू केल्यास पुढचे व्यंग टळते.

दुसरा डोस एक-दोन आठवड्यांनी द्यावा लागतो आणि तोवर टोळी दुसऱ्या गावच्या फडावर गेलेली असू शकते. म्हणून पहिल्या दिवशीच प्रत्येक कुटुंबाच्या हाती तारखेची चिठ्ठी द्यावी, आणि कारखान्याच्या गट कार्यालयाने टोळीचा नवा तळ त्या भागातल्या आशाताईंना त्याच दिवशी कळवावा.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका,
ता. वाळवा, जि. सांगली